लाकूडतोडे नाचू लागतात ते कसे?

बर्फानं झाकलेलं रान. सहा तगडे भाऊ लाकडं फोडत आहेत. कुणाच्या हातात कुऱ्हाड, कुणाच्या हातात करवत. सगळे उदास, कारण ज्या मुलींवर जीव जडला त्या डोंगरापलीकडच्या गावात राहिल्या. एकाचा घाव ओंडक्यावर बसतो आणि त्या ठोक्यावर गाणं सुरू होतं. मग करवतीची खरखर त्यात मिसळते. बघता बघता सहाही जण त्या संथ लयीत हलू लागतात, वाकतात, वळतात. हा नाच आहे, हे लक्षात येईपर्यंत तो अर्धा होऊन गेलेला असतो.

थोडा विचार केला तर हे दृश्य हास्यास्पद वाटायला हवं. रानात वाद्यवृंद कुठून आला? शहराचं तोंड क्वचितच पाहिलेल्या या माणसांना इतकं डौलदार नाचायला कुणी शिकवलं? पण 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' हा १९५४ चा चित्रपट पाहताना असले प्रश्न मनात येत नाहीत. हॉलिवूडचे शेकडो संगीतपट विस्मरणात गेले. जेमतेम काही पानांच्या कथेवर बेतलेला आणि स्टुडिओनं फारसा मोठा न मानलेला हा चित्रपट मात्र सत्तर वर्षांनंतरही ताजा वाटतो. त्याची घडण उलगडून पाहिली, तर संगीतपट नावाची गोष्ट मुळात कशी चालते तेही समजतं.

रोमपासून ओरेगॉनपर्यंत

या गोष्टीचं मूळ फार जुनं आहे. रोमच्या स्थापनेची दंतकथा सांगते, की रोम्युलसनं नगर वसवलं खरं, पण तिथे सगळे पुरुषच होते. शेजारच्या सॅबाइन लोकांनी त्यांना मुली द्यायला नकार दिला. तेव्हा रोमन लोकांनी एक उत्सव भरवला, सॅबाइनांना आमंत्रण धाडलं आणि ऐन उत्सवात त्यांच्या मुली पळवल्या. पुढे सॅबाइन सैन्य चालून आलं. त्या वेळी त्याच स्त्रिया दोन्ही फौजांच्या मधे उभ्या राहिल्या. एका बाजूला वडील आणि भाऊ, दुसऱ्या बाजूला नवरे. लिव्ही आणि प्लुटार्क या दोन्ही प्राचीन लेखकांनी ही कथा नोंदवली आहे. प्लुटार्कच्या वर्णनात काही जणींच्या कडेवर तान्ही मुलंही आहेत.

स्टीफन व्हिन्सेंट बेने (१८९८–१९४३) या अमेरिकी कवीनं ही दंतकथा अमेरिकेतल्या वसाहतींच्या काळात नेऊन बसवली. अमेरिकी यादवी युद्धावरच्या 'जॉन ब्राउन्स बॉडी' या दीर्घकाव्यासाठी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं. 'द डेव्हिल अँड डॅनियल वेबस्टर' ही त्याची कथाही तिथल्या वाचकांना चांगली ठाऊक. लोककथेच्या ढंगात, एखादा जुनाजाणता माणूस ओसरीवर बसून सांगतोय अशा आवाजात लिहिण्यात त्याचा हातखंडा होता. 'द सॉबिन विमेन' ही कथा त्याच आवाजात आहे. पाँटिपी आडनावाचं डोंगरातलं कुटुंब, सात भाऊ, थोरल्यानं लग्न करून आणलेली मिली आणि सॅबाइन स्त्रियांच्या दंतकथेची नव्या मुलखातली पुनरावृत्ती, एवढा तिचा ऐवज.

मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएम या स्टुडिओसाठी निर्माते जॅक कमिंग्ज यांनी ती पडद्यावर आणली. दिग्दर्शक होते स्टॅन्ली डॉनन. 'सिंगिंग इन द रेन' जीन केलीसोबत दिग्दर्शित करून त्यांना दोनच वर्षं झाली होती. पटकथा अल्बर्ट हॅकेट व फ्रान्सेस गुडरिच हे दांपत्य आणि डोरोथी किंग्जली यांची. गाणी जॉनी मर्सर यांनी लिहिली, चाली जीन डी पॉल यांनी बांधल्या.

पडद्यावरची गोष्ट अशी. १८५० च्या ओरेगॉनमध्ये थोरला ॲडम बायको शोधायला गावात येतो. खाणावळीत राबणारी मिली त्याला आवडते आणि त्याच दिवशी दोघांचं लग्न होतं. डोंगरातल्या घरी पोचल्यावर मिलीला कळतं, की इथे आणखी सहा अस्ताव्यस्त दीर आहेत. ती त्यांना माणसात आणते. गावातलं कोठार बांधायला गेलेले भाऊ सहा मुलींच्या प्रेमात पडतात, पण तिथे मारामारी होते आणि सगळं फिसकटतं. हिवाळ्यात झुरणाऱ्या भावांना ॲडम मिलीच्या पुस्तकातली सॅबाइन स्त्रियांची गोष्ट सांगतो, अर्थात स्वतःच्या सोयीनं. भाऊ मुलींना पळवून आणतात. वाटेत हिमकडा कोसळून खिंड बंद होते, आणि पाद्रीला आणायचं राहून गेलंय हे मग ध्यानात येतं. मिली संतापते. भावांची रवानगी ती गोठ्यात करते आणि मुलींना घरात ठेवते. वसंतात खिंड मोकळी होईपर्यंत कुणालाच कुठे जाता येत नाही.

कथेतल्या मोकळ्या जागा

संगीतपटाला कादंबरीपेक्षा कथा मानवते, यामागे साधा हिशेब आहे. हा चित्रपट १०२ मिनिटांचा आहे. त्यातली बरीच मिनिटं गाण्यांना आणि नाचांना लागतात. उरलेल्या वेळात मोठी कादंबरी बसवायची तर उपकथानकं छाटावी लागतात, पात्रं गाळावी लागतात आणि जे उरतं ते सांगाड्यासारखं दिसतं. कथेचं तसं नाही. कथाकारानं अनेक गोष्टी एका वाक्यात उरकलेल्या असतात. 'भावांना हळूहळू वळण लागलं' किंवा 'हिवाळा सरला' असं त्यानं लिहिलं, की कागदावर काम संपलं. पडद्यावर मात्र तिथे मोकळी जागा तयार होते आणि त्या जागेत गाणं बसतं.

हॅकेट-गुडरिच दांपत्याला ही विद्या आधीपासून अवगत होती. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा १९४६ चा चित्रपटही एका छोट्या कथेवरच बेतलेला होता आणि त्याच्या पटकथाकारांत हे दोघे होते. काही वर्षांनी ब्रॉडवेच्या रंगभूमीवर 'गाइज अँड डॉल्स' गाजलं. त्याचा आधारही डेमन रन्यनच्या न्यूयॉर्की कथा. १९५० च्या त्या नाटकाचं नृत्यदिग्दर्शन केलं होतं मायकेल किड यांनी. पुढे या चित्रपटाचा प्राण ठरले तेही किडच.

पण कथा पडद्यावर आणताना एक मोठी वस्तू हरवते, ती म्हणजे निवेदकाचा आवाज. बेनेच्या कथेतली सगळी गंमत सांगणाऱ्याच्या सुरात आहे. तो थोडं वाढवून सांगतो, तरी आपण मान डोलावतो, कारण लोककथेत असंच चालतं हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. कॅमेऱ्याला असा सूर नसतो. तो समोरचं जसंच्या तसं दाखवतो. सात भावांनी सहा मुली पळवल्या ही घटना कॅमेऱ्यानं कोरडेपणानं दाखवली, तर ती गुन्ह्याची बातमी होईल. म्हणून 'ही एक लोककथा आहे' असं सांगण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. या चित्रपटात ते काम गाणी करतात.

बोलण्यातून गाणं, गाण्यातून नाच

पात्रं मधेच गाऊ-नाचू का लागतात, या कोड्याला सुरुवातीच्या बोलपटांनी सोपं उत्तर शोधलं होतं. पात्रंच गायक-नर्तक करून टाकायची. १९३३ च्या 'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट'मध्ये नाटक बसवणाऱ्या मंडळींची गोष्ट आहे, त्यामुळे ती नाचली तर तो त्यांचा पोटापाण्याचा धंदाच. दुसरं उत्तर १९४३ मध्ये ब्रॉडवेवरच्या 'ओक्लाहोमा!'नं पक्कं केलं. त्यात गुराखी आणि शेतकरी गातात, पण प्रत्येक गाणं कथेला पुढे नेतं. ते काढून टाकलं तर पुढचं दृश्य कळत नाही. या पद्धतीला जाणकार एकात्म संगीतिका म्हणतात. 'ओक्लाहोमा!'च्या गाजलेल्या स्वप्ननृत्यात नायकाची जागा घेणारे मार्क प्लॅट हे नर्तक पुढे 'सेव्हन ब्राइड्स'मध्ये डॅनियल हा भाऊ झाले.

मात्र गाणं कथेत बसलं तरी त्यात शिरण्याची वाट हवी. झोपाळ्यावर बसलेलं मूल एकदम उंच जात नाही. आधी पायानं जमीन रेटतं, मग थोडं मागे, थोडं पुढे, आणि मग कधीतरी पाय जमिनीपासून सुटतात. चांगल्या संगीतपटात प्रेक्षकाचे पाय असेच सोडवले जातात. साधं बोलणं किंचित लयीत येतं. पाठोपाठ एखादी हालचाल, पावलं किंवा कामाचा ठोका ती लय उचलतो. मग शब्द सुरात जातात, सूर शरीरात उतरतात. पायऱ्या न गाळता चढवलं, की प्रेक्षक कुरकुर न करता वरपर्यंत येतो.

पहिलंच गाणं पाहावं. ॲडम गावात शिरतो, रस्त्यानं चालत येता-जाता बायका न्याहाळतो आणि चालता चालताच गाऊ लागतो. अजून त्याची कुणाशी ओळखही नाही. घोड्याची पारख करावी तशी तो बायकोची पारख करतोय आणि त्यात आपलं काही चुकतंय असं त्याला वाटत नाही. त्याची सगळी वृत्ती, तिच्यातला अडाणीपणा आणि मोकळेपणा दोन्ही, एवढ्या एका गाण्यात समोर येते. कथेत यासाठी निवेदकाला परिच्छेद लागला असता. हॉवर्ड कील यांचा भरदार आवाज ते रस्ता ओलांडेपर्यंत उरकतो.

मिलीच्या गाण्याची योजना याहून चतुर आहे. नव्या घरी जाताना ती आनंदानं गाते. आजवर खाणावळीत गावभरच्या पुरुषांना वाढलं, आता एकाच माणसाचा संसार करायचा, हे तिचं सुख. ॲडमनं भावांचा विषयच काढलेला नाही. गाणं जितकं उंच चढतं तितका पुढचा धक्का मोठा बसतो. जेन पॉवेल यांचा स्वच्छ, उंच पट्टीचा आवाज इथे नेमका उपयोगी पडतो. या गाण्याशिवाय घरात शिरण्याचं दृश्य निव्वळ विनोदी झालं असतं. गाण्यामुळे त्यात मिलीची फसवणूकही दिसते.

नृत्यदिग्दर्शकाची अडचण

मायकेल किड यांनी सुरुवातीला हे काम घ्यायला आढेवेढे घेतले. त्यांची शंका अगदी रास्त होती. रानात राहणारी, शिक्षणाचा गंध नसलेली ही माणसं उठून नाचू लागली तर प्रेक्षक हसून हसून थिएटर सोडतील, असं त्यांना वाटत होतं. हीच शंका पुढे त्यांच्या कामाचा पाया झाली. ही माणसं दिवसभर जे करतात त्यातूनच त्यांनी नाच काढला. कुऱ्हाड उचलणं, करवत ओढणं, फळ्या खांद्यावर घेणं, तुळईवरून तोल सांभाळत चालणं. नर्तक नर्तकासारखा दिसताच कामा नये, हा त्यांचा आग्रह.

दुसरी युक्ती त्यांनी कथेतून उचलली. भावांना वळण लावताना मिली त्यांना मुलींशी कसं बोलावं हे शिकवते आणि त्याच गाण्यात नाचायलाही शिकवते. सुरुवातीला सगळे धडपडतात, एकमेकांच्या पायांवर पाय देतात. गाणं संपेपर्यंत जमू लागतं. म्हणजे पुढे गावच्या समारंभात हे भाऊ नाचतील तेव्हा 'यांना हे कधी आलं?' असा प्रश्न उरत नाही, कारण आपल्या डोळ्यांदेखत ते शिकलेत. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर चित्रपट असं कथेच्या पोटातच देऊन ठेवतो.

या लेखाच्या सुरुवातीला वर्णिलेलं लाकडं फोडण्याचं गाणं या विचारसरणीचं टोक आहे. ते एकाच सलग चित्रणात टिपलंय, मधे एकही काप नाही. कॅमेरा एका भावाकडून दुसऱ्याकडे सरकतो आणि प्रत्येक घाव तालावर पडतो. एकाचं टायमिंग चुकलं तर सगळं पहिल्यापासून. काप न घेतल्याचा परिणाम प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण जाणवतो. हिवाळ्यातला वेळ जसा सरता सरत नाही, तसं ते दृश्यही सरत नाही.

कोठार बांधताना

चित्रपटाचं शिखर म्हणजे गावचं कोठार उभारण्याचा प्रसंग. अमेरिकेच्या खेड्यांत शेतकऱ्याचं कोठार सगळं गाव मिळून एका दिवसात उभं करी. बायका जेवण रांधत, पुरुष लाकडाचे सांगाडे उचलत, आणि कामाच्या आगेमागे नाचगाणं होई. म्हणजे इथे नाच आणि श्रम एकत्र येणं ही खरीखुरी रीत होती. किड यांना हवं ते आयतं मिळालं.

सुरुवात साध्या जोडीच्या नाचानं होते. मग एक भाऊ गावच्या तरुणाची जोडीदारीण हळूच आपल्याकडे वळवतो. तो तरुण तिला परत घेतो. पुन्हा ओढाताण. शब्द एकही नाही, पण भांडण उघड दिसतं. मग चुरस फळ्यांवर आणि ओंडक्यांवर चढते. कोण किती उंच उडी मारतो, कोण अरुंद तुळईवर तोल सांभाळतो. धाकट्या भावाची भूमिका करणारा रस टॅम्ब्लिन हा मुळात कसरतपटू. त्याचा गिडियन कुऱ्हाडीचा दांडा दोन्ही हातांत धरून त्याच्यावरून उड्या मारतो. फ्रँक झालेला टॉमी रॉल हवेत असा झेपावतो, की क्षणभर वजन म्हणजे काय हेच विसरायला होतं. नाच संपतो तेव्हा सहा मुलींनी मनातल्या मनात निवड केलेली असते.

त्यानंतर प्रत्यक्ष बांधकाम. मिलीनं भावांना मारामारी न करण्याची ताकीद दिली आहे. गावचे तरुण त्यांना मुद्दाम डिवचतात आणि ते मुकाट्यानं सोसत राहतात. शेवटी भडका उडतो आणि अर्धवट उभं राहिलेलं कोठार कोसळतं. नाचात जी चढाओढ खेळीमेळीची होती, ती इथे खरी होते. दोन्ही प्रसंगांत माणसं तीच, हालचालीही बऱ्याचशा त्याच. म्हणून हा नाच कापून टाकला तर पुढची मारामारी अर्थहीन वाटेल. कथेत गाणं विरघळवायचं म्हणजे काय, याचा इतका स्पष्ट नमुना हॉलिवूडमध्ये क्वचितच सापडतो.

चौकट: सात भाऊ, सात अक्षरं

बायबलमधली नावं, इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं: ॲडम (हॉवर्ड कील), बेंजामिन (जेफ रिचर्ड्स), केलब (मॅट मॅटॉक्स), डॅनियल (मार्क प्लॅट), एफ्राइम (जाक दांबुआज), फ्रँक (टॉमी रॉल) आणि गिडियन (रस टॅम्ब्लिन). सहाव्या अक्षराचं नाव आईला बायबलमध्ये सापडेना, म्हणून त्या मुलाचं नाव तिनं फ्रँकिन्सेन्स, म्हणजे ऊद, असं ठेवलं. दांबुआज हे न्यूयॉर्क सिटी बॅलेचे नर्तक. रिचर्ड्स पूर्वी बेसबॉल खेळत आणि त्यांना नाच येत नव्हता, म्हणून नाचांत त्यांना मागे किंवा बसलेलं ठेवलंय. लाकडं फोडण्याच्या गाण्यात मॅटॉक्स यांना आवाज दिलाय बिल ली यांनी. शेवटी जन्मणारी मुलगी हॅना, म्हणजे वर्णमालेतलं पुढचं अक्षर.

रुंद पडदा, रंगीत सदरे, रंगवलेले डोंगर

१९५० च्या सुमारास अमेरिकेत घरोघरी टीव्ही येऊ लागला आणि चित्रपटगृहं ओस पडू लागली. घरात मिळणार नाही असं काहीतरी दाखवणं स्टुडिओंना भाग होतं. त्यातून सिनेमास्कोप आला. सप्टेंबर १९५३ मध्ये 'द रोब' हा या तंत्राचा पहिला चित्रपट लागला. यात कॅमेऱ्यावरचं खास भिंग रुंद दृश्य दोन्ही बाजूंनी आवळून नेहमीच्या फिल्मवर बसवतं, आणि थिएटरमधलं तसंच भिंग ते पुन्हा पसरवतं. पूर्वीचा पडदा उंचीच्या जेमतेम १.३७ पट रुंद होता. आता तो २.५५ पट झाला.

अनेक दिग्दर्शकांना या लांबलचक चौकटीत काय भरावं ते उमगेना. एका चेहऱ्याभोवती दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरे. डॉनन यांच्याकडे मात्र सात भाऊ होते, पुढे सात मुली, आणि कोठारापाशी तर सगळं गाव. ते स्वतः नर्तक होते, त्यामुळे नाच पायापासून डोक्यापर्यंत दिसला पाहिजे हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. रुंद चौकटीत रांगेनं उभे राहिलेले भाऊ पूर्णाकृती दिसतात आणि तरी कुणी कडेला कापला जात नाही.

पण एवढ्या गर्दीत कोण कोण ते कसं ओळखायचं? सगळ्या भावांचे केस तांबडे. म्हणून प्रत्येकाला वेगळ्या भडक रंगाचा सदरा दिला गेला. गावच्या तरुणांचे कपडे मात्र मळकट, गडद. त्यामुळे कोठारापाशी वीसेक माणसं एकाच वेळी उड्या मारत असली, तरी कुठल्या बाजूचा माणूस कुठे आहे ते डोळा सहज टिपतो. वेशभूषाकार वॉल्टर प्लंकेट यांनी मुलींच्या पोशाखांसाठी सॅल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेकडून जुन्या गोधड्या मिळवल्या आणि त्यांचे कपडे शिवले, असं सांगतात. घरी विणलेलं, घरी शिवलेलं कापड जसं दिसतं तसे ते दिसतात.

पैशाची चणचण होतीच. एमजीएमचा त्या वर्षीचा लाडका संगीतपट होता 'ब्रिगाडून'. 'सेव्हन ब्राइड्स'ला त्या मानानं हात आखडता घेऊन पैसे मिळाले. डॉनन यांना बाहेर, खऱ्या निसर्गात चित्रण करायचं होतं. काही दृश्यं आयडाहोतल्या सन व्हॅलीत घेतलीही, पण बहुतेक चित्रपट स्टुडिओच्या चार भिंतींत झाला. मागचे डोंगर आणि रानं पडद्यावर रंगवलेली. त्या रंगवलेल्या आकाशावर पक्षी येऊन आदळत, अशी आठवण जेन पॉवेल सांगत. ही उणीव आज डोळ्याला खुपते, विशेषतः वसंताच्या दृश्यांत. तरीही लोककथेचा सूर टिकवायला तिचा उपयोग झाला असं वाटतं. खऱ्याखुऱ्या रानात ही गोष्ट इतकी सहज पचली नसती.

गाण्यांचं ध्वनिमुद्रण आधी होई आणि चित्रणाच्या वेळी ते भोंग्यावर वाजवलं जाई. कलाकार त्यावर ओठ हलवत. पावलांचे आणि ठोक्यांचे आवाज नंतर वेगळे घेऊन जुळवत. आपल्याकडच्या पार्श्वगायनाची रीतही यंत्राच्या दृष्टीनं हीच. फरक इतकाच, की कील आणि पॉवेल यांनी आपापली गाणी स्वतःच गायली.

पळवून आणलेल्या मुलींचं काय?

हा चित्रपट आवडणाऱ्याला एक प्रश्न टाळता येत नाही. मुलींच्या अंगावर घोंगड्या टाकून त्यांना पळवून नेणं, हे गाण्याच्या चालीवर दाखवलं म्हणून कमी वाईट होत नाही. चित्रपटाला याची जाणीव आहे. ती त्यानं मिलीच्या तोंडी दिली आहे. तिचा संताप खरा आहे, त्याला विनोदाची झालर नाही. दुखावलेला ॲडम वरच्या डोंगरातल्या झोपडीत निघून जातो. त्याच्या मागे मिलीला मुलगी होते. आपल्या मुलीला कुणी असं पळवलं तर आपण काय करू, हा विचार बाप झाल्यावर त्याला सुचतो आणि तो मुलींना परत पोचवायला निघतो.

इथे रोमन दंतकथेतलं तान्हं बाळ पुन्हा कामाला येतं. बंदुका घेऊन आलेल्या गावकऱ्यांना बाळाचं रडणं ऐकू येतं. हे मूल कुणाचं, असं विचारल्यावर सहाही मुली 'माझं' म्हणतात. बापांना मग लग्नं लावण्यावाचून गत्यंतर उरत नाही. प्लुटार्कच्या स्त्रिया मुलं घेऊन सैन्यांमध्ये उभ्या राहिल्या होत्या. इथे एक बाळ आणि सहा जणींचं एकच खोटं लढाई थांबवतं. शेवटचा निर्णय मुलींनी घेतला, हे पटकथाकारांचं श्रेय.

तरीही सगळं बरोबरीत सुटत नाही. भावांना नाव आहे, रंग आहे, स्वभाव आहे. मिली सोडली तर बाकी सहा मुली एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येणं कठीण. ज्युली न्यूमार आणि व्हर्जिनिया गिब्सन यांच्यासारख्या कसलेल्या नर्तकी असूनही लक्षात राहण्याजोगे नाच पुरुषांच्या वाट्याला आले. पळवून आणणाऱ्यांना चित्रपट शिक्षा देतो ती एका हिवाळ्यापुरती. हे दोष काळाचे म्हणून झटकता येणार नाहीत. ते पटकथेचेही आहेत.

पुढची भावंडं

चित्रपट १९५४ च्या उन्हाळ्यात लागला आणि लाडक्या 'ब्रिगाडून'पेक्षा कितीतरी जास्त चालला. ऑस्करसाठी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच नामांकनं मिळाली. त्यातलं संगीत-संयोजनाचं पारितोषिक ॲडॉल्फ डॉइच आणि सॉल चॅप्लिन यांना मिळालं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्या वर्षी 'ऑन द वॉटरफ्रंट'कडे गेला. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली.

आपल्याकडे ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे ती १९८२ च्या 'सत्ते पे सत्ता'मुळे. राज सिप्पी यांच्या या चित्रपटात अमिताभ बच्चन थोरला रवी आणि हेमा मालिनी ही घराला वळण लावणारी इंदू. वर्णमालेच्या नावांची गंमत इथे वारांवर आली: रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी. धाकटा शनी झाला होता मराठी प्रेक्षकांचा लाडका सचिन पिळगावकर. सात भावांना सात वारांची नावं देणं ही मूळ कल्पनेइतकीच, किंबहुना जास्त नेटकी योजना. मुली पळवून आणण्याचा प्रसंग तिथेही आहे. उत्तरार्धात मात्र बाबू हा रवीसारखा दिसणारा गुन्हेगार येतो आणि गोष्ट निराळ्या वाटेनं जाते. राहुल देव बर्मन यांची गाणी आजही वाजतात, पण कथा पुढे ढकलण्याचा भार त्यांच्यावर टाकलेला नाही. तो भार अमिताभच्या दुहेरी भूमिकेनं उचलला. कामाच्या हालचालींतून नाच काढण्याची किड यांची युक्ती मात्र हिंदीत आली नाही.

त्याच १९८२ मध्ये 'सेव्हन ब्राइड्स' ब्रॉडवेच्या रंगमंचावरही आलं. पाच प्रयोगांत ते बंद पडलं. पडद्यावर जे जुळून आलं होतं ते तसंच रंगमंचावर उभं राहत नाही, हे त्यातून दिसलं. सलग सरकणारा कॅमेरा, रुंद चौकट आणि निवडून आणलेले नर्तक यांच्यावर या कथेचा तोल उभा होता.

ज्यांना हा चित्रपट आता पाहायचा आहे त्यांनी एक काळजी घ्यावी. सगळ्या थिएटरांत सिनेमास्कोपची यंत्रं असतील याची एमजीएमला खात्री नव्हती, म्हणून प्रत्येक दृश्य दोनदा चित्रित केलं गेलं, एकदा रुंद पडद्यासाठी आणि एकदा नेहमीच्या पडद्यासाठी. त्यामुळे याच्या दोन आवृत्त्या अस्तित्वात आहेत आणि दोन्ही डीव्हीडीवर आल्या आहेत. अरुंद आवृत्तीत कोठाराचा नाच गिचमिड होतो. रुंद आवृत्तीच मिळवून पाहावी, आणि शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर.